शंभर रद्द फोटो घेऊन बसवलंत, त्याबद्दल

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

"कॅमेरा बदलायचाय, त्याआधी कुठली लेन्स घेऊ?" हा प्रश्न तुमच्या काउंटरवर रोज येत असणार. एखादं नाव सांगून लेन्स विकणं तुम्हाला सहज शक्य होतं. तुम्ही म्हणालात, "आधी रद्द केलेले शंभर फोटो घेऊन या." भिगवणला पक्षी टिपायला जाणाऱ्या आम्हा चौघांकडून त्यासाठी हे आभाराचं पत्र. उघडं लिहितोय, कारण हातात कॅनन २००डी मार्क टू हा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा), सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या लेन्स, आणि डोक्यात मिररलेस (आरशाविना कॅमेरा), अशी माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

तुमची रीत साधी होती. वर्षभरात जपून ठेवलेले फोटो एका बाजूला, रद्द केलेले दुसऱ्या बाजूला. ठेवलेल्या फोटोंची फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबचं ओढते तो मिलिमीटरमधला आकडा) मोजायची. लाइटरूम सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मेटाडेटाची (फोटोसोबत नोंदलेल्या माहितीची) चाळणी लावली की हिशोब समोर येतो. फुकटात हवा असेल तर डिजिकॅम किंवा एक्झिफटूल आहे. निम्म्याहून जास्त फोटो २५० मिलिमीटरवर काढलेले आणि नंतर क्रॉप करून अर्धे उरलेले असतील, तर लांब लेन्सची गरज खरी. गर्दी ७० ते १५० मध्ये असेल, तर लांब लेन्स बॅगेतच राहणार.

खरी शिकवण रद्द फोटोंची. प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करायचा आणि त्यापुढे एकच कारण लिहायचं. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली, तर हात हलला. मागचा दगड स्वच्छ आणि पंख पुसट, तर शटरचा वेग कमी पडला. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत धारदार, तर फोकस चुकला. सगळं जागच्या जागी पण पिसांवर रवाळ दाणे, तर प्रकाश कमी पडला. आणि पक्षी स्वच्छ असूनही मुंगीएवढा, तर लेन्सची पोच कमी.

सहावं कारण तुम्ही सांगेपर्यंत आमच्या यादीतच नव्हतं. चौकटीत कुठेच काही धारदार नाही आणि पक्ष्याच्या कडा पाण्याखालच्या गोट्यासारख्या थरथरलेल्या दिसतात, तेव्हा दोष लेन्सचा नसतो, मधल्या हवेचा असतो. ऊन चढलं की उजनी धरणाच्या फुगवट्यावर हवा तापून हलू लागते. तिथे ६०० मिलिमीटर लावली तरी फोटो सुधारत नाही, उलट तीच थरथर मोठी होऊन दिसते. त्यावर उपाय दोनच: सूर्य वर यायच्या आत होडी पाण्यात आणि अंतर कमी. या एका कारणापायी चांगल्या लेन्स "सॉफ्ट आहे" म्हणून परत विकल्या जातात, हे तुम्ही कळवळून सांगितलंत ते लक्षात राहिलं.

कारणं लिहून झाली की पैसे कुठे घालायचे ते दिसू लागतं. हात हलल्याचे आणि पंख पुसल्याचे फोटो जास्त असतील, तर आधी एक पैसा खर्च करायचा नाही. बसलेल्या पक्ष्याला शटर १/८०० सेकंदाच्या खाली जायचं नाही, उडत्या रोहिताला १/२००० ठेवायचं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर सोडायचा आणि महिनाभराने पुन्हा मोजायचं. फोकस चुकल्याचे जास्त असतील, तर लेन्स थांबवून बॉडी (नुसता कॅमेरा) आधी. २००डी मार्क टूच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे बिंदू ९ आहेत. आर ७ सारखी मिररलेस बॉडी पक्ष्याचा डोळा ओळखून त्याच्या मागे जाते. आणि पक्षी लहान आल्याचे फोटो जास्त असतील, तरच लेन्स आधी. आमच्या शंभरात तेच कारण पहिलं निघालं.

मग तुम्ही माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते त्या बैठकीचं गणित मांडलंत. डीएसएलआरच्या ईएफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असतं, मिररलेसच्या आरएफमध्ये २०. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर बसवताना फक्त मधली २४ मिलिमीटरची जागा भरायची असते. कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर म्हणजे तेवढीच पोकळ नळी: आत काच नाही, दोन्ही तोंडांना विजेचे संपर्कबिंदू आहेत, म्हणून ऑटोफोकस आणि आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) दोन्ही चालतात आणि चित्राची प्रतही घसरत नाही. उलटा प्रवास मात्र होत नाही. आरएफ लेन्सला सेन्सरपासून २० मिलिमीटरवर बसायचं असतं आणि डीएसएलआरमध्ये तिथे आरसा असतो. म्हणजे आज डीएसएलआर वापरायचा आणि वर्षभराने मिररलेस घ्यायचा असेल, तर दोन्हीकडे चालणारी लेन्स ईएफच. सेकंडहँड बाजारात स्वस्त दिसणाऱ्या ईएफ-एम लेन्सना हात लावू नका, हेही तुम्ही बजावलंत. ते माउंट आरएफशी जोडलं जात नाही आणि कॅननने ते बंदही केलं आहे.

आता फुल फ्रेमबद्दल, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याबद्दल. चौघांपैकी तिघांच्या मनात आर ६ मार्क टू हा फुल फ्रेम मिररलेस होता. तुम्ही कागदावर एक मोठा चौकोन (फुल फ्रेमचा सेन्सर) काढून त्यात छोटा चौकोन (२००डीचा सेन्सर) काढलात आणि त्यात शेकाट्या काढला, अगदी लांब लाल पायांसकट. लेन्स तीच, अंतर तेच, तर सेन्सरवर पडणारं पक्ष्याचं चित्र तेवढंच राहतं. फक्त भोवतीची मोकळी जागा वाढते. आर ६ मार्क टूचे २४ मेगापिक्सेल मोठ्या चौकोनाचे आहेत. छोट्या चौकोनाएवढा भाग कापला की दोन चौकोनांच्या रुंदीतल्या १.६ पट फरकाचा वर्ग, म्हणजे २.५६ ने भाग जातो आणि हाती नऊ-साडेनऊ मेगापिक्सेल उरतात. आजच्या २००डीत त्याच भागावर २४ आहेत, तशाच छोट्या सेन्सरच्या आर ७ मध्ये ३२.५. पोच कमी पडते म्हणून लेन्स शोधणाऱ्याने फुल फ्रेम घेतली, तर पक्षी आणखी लहान होतो आणि मग ६०० मिलिमीटरच्या मागे धावावं लागतं. अंधारात आणि लग्नाच्या हॉलमध्ये फुल फ्रेमचा फायदा आहेच, ते तुम्ही नाकारलं नाहीत. पण काम पक्ष्यांचं होतं.

आणखी एक गोष्ट त्याच कागदावर होती. फुल फ्रेमचा विचार असेल, तर आज नवी ईएफ-एस (छोट्या सेन्सरसाठीची) लेन्स घेऊ नये. ती अडॅप्टरने बसते, पण बॉडी आपोआप छोट्या चौकोनावर जाते.

शेवटी निवड तीन लेन्सांत आली. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी: पोच भरपूर, ६०० वर एफ ६.३ (हा आकडा मोठा तेवढा आत येणारा प्रकाश कमी), पण वजन दोन किलोच्या जवळ. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीत ट्रायपॉड निरुपयोगी असतो, कारण होडीच हलते. तिथे दोन तास हातात काय धरवतं, हा प्रश्न पोचीआधी येतो. आरएफ १००-४००: वजन ६३५ ग्रॅम, खांद्याला वरदान, पण टोकाला एफ ८ आणि आजच्या डीएसएलआरवर बसतच नाही. ४०० वर एफ ५.६ ला आयएसओ १६०० पुरत असेल, तर एफ ८ ला ३२०० लागतो. सकाळी सातच्या उजेडात हा फरक जाणवतो. तिसरी ईएफ १००-४०० मार्क टू. दीड किलोच्या वर, ४०० वर एफ ५.६, फिल्टर ७७ मिलिमीटरचा, आणि ९८ सेंटिमीटरवरही फोकस करते, म्हणजे काठावरचा चतुर नाहीतर फुलपाखरूही टिपता येतं. सेकंडहँड घेतली तर आवाक्यात. आज २००डीवर, उद्या अडॅप्टर लावून आर ७ वर. तुम्ही हीच सुचवलीत, आणि चौघांपैकी ज्यांचा खांदा दुखतो त्यांना मात्र "थांबा, बॉडी आली की आरएफ घ्या" म्हणालात. एकाच दुकानात दोघांना दोन सल्ले, आणि दुसऱ्या सल्ल्यात त्या दिवशी विक्री नाही. याबद्दल वेगळे आभार.

मार्क टू म्हणून जुनी लेन्स गळ्यात पडू नये, यासाठीची खूणही तुम्हीच दिलीत: १९९८ ची जुनी लेन्स झूम करताना पुढे ढकलावी आणि मागे ओढावी लागते, २०१४ ची मार्क टू फिरवून झूम होते. तिच्यावर १.४ चा एक्स्टेंडर (पोच १.४ पट करणारी मधली जोडलेन्स) लावला की एफ ८ होतो आणि २००डीचा व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकस तिथे साथ सोडतो. म्हणून एक्स्टेंडर बॉडी आल्यावर.

आता सेकंडहँड लेन्सची तपासणी. यासाठी तुम्ही दुकान बंद व्हायच्या वेळी आमच्याबरोबर तासभर उभे राहिलात.

आधी मागची टोपी काढून मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरायचा आणि पुढून बघायचं, मग उलट. ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) कॅमेऱ्याबाहेर उघडंच असतं, त्यामुळे आतपर्यंत दिसतं. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्यायचं; फोटोत ते येत नाहीत. कडेपासून आत पसरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. सगळ्या काचेवर दुधाळ साय दिसली, तर समोरून ऊन आलं की फोटो फिके येणार. माउंटच्या स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या असतील, तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. का उघडली ते विचारायचं. झूम दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडकतं का ते बोटांनी अजमावायचं. शटर अर्धं दाबलं की आयएसची बारीक घरघर ऐकू यावी आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिरावावं. उडी मारत असेल तर नको.

मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान चिकटवायचं. ट्रायपॉड, आयएस बंद, दोन सेकंदांचा टायमर, ४०० मिलिमीटर, एफ ५.६, आणि पान चौकटभर येईल एवढं अंतर. पुढे यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढायचा. स्वस्त फिल्टर लांब लेन्सची धार खातो. पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून, पाच लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून), आणि प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. लाइव्ह व्ह्यूचे पाचही स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले, तर लेन्स चांगली आहे. त्या बॉडीचं आणि तिचं जुळत नाही एवढंच. २००डीमध्ये तो फरक जुळवायची सोय नाही, पण मिररलेस थेट सेन्सरवरून फोकस करते, त्यामुळे तिथे हा दोष उरत नाही. अशी लेन्स "खराब" म्हणून स्वस्तात मिळू शकते. लाइव्ह व्ह्यूतही मऊ आली, तर मात्र परत.

एक कोपरा मऊ दिसला तेव्हा आमचा चेहरा पडला होता. तुम्ही कॅमेरा उभा केलात आणि पुन्हा फोटो काढलात. मऊपणा कागदाच्या त्याच कोपऱ्यात राहिला, म्हणजे कागद तिरका लागला होता. तो चौकटीबरोबर फिरला असता, तर आतली काच सरकलेली, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही. एवढी सोपी परीक्षा शिकवल्याबद्दल आभार.

बाकीचं पटकन लिहितो. २००डीची एलपी-ई१७ बॅटरी आर ७ ला चालत नाही, म्हणून बजेटमध्ये अडॅप्टर, एलपी-ई६एनएचची एक जादा बॅटरी आणि वेगवान कार्ड आधीच धरायचं. आर ७ वर उडत्या पक्ष्यांसाठी मेकॅनिकल शटर, सेकंदाला १५ फोटो पुरेत. इलेक्ट्रॉनिकवर ३० मिळतात पण पंख वाकडे येतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून ठेवायची नाही. ड्राय कॅबिनेट नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा; तो ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा. अगदी कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं, पण निळं जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नाही, त्यात कोबाल्ट असतं.

बॉडी दिवाळीनंतर घ्यायची ठरली आहे. तोवर ही लेन्स २००डीवरच चालेल. दर महिन्याचे रद्द फोटो कारणांसह वहीत लिहितोय. बॉडी घ्यायच्या आधी वही घेऊन येतो. त्यात फोकस चुकल्याचा रकाना पुढे सरकलाय का, ते तुमच्याबरोबर बसून बघायचं आहे.

तुमचे,
भिगवणची चौघं