सहा हजारांच्या चेनसॉबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली पेट्रोलच्या चेनसॉची जाहिरात पाहिली. 58 सीसी, 22 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), वर हातमोजे नि गॉगल फुकट, सगळं मिळून सहा हजार. ‘घेऊ का?’ एवढंच विचारलंयस. घे, पण खोकं उघडून थेट आंब्याच्या खोडाला लावणार असशील तर नको घेऊस. या किमतीत मशीन जोडलेलं मिळतं, तपासलेलं मिळत नाही. तपासणी, नट-बोल्ट आवळणं, कार्बोरेटर लावणं हे सगळं तुझ्या गळ्यात. ते करायची तयारी असेल तर पैसे वसूल होतात, नसेल तर महिन्याभरात ते मशीन माळ्यावर जातं.

केशरी, लाल, हिरवा, नाव कुठलंही असो, 4500, 5200, 5800 अशा आकड्यांची ही चिनी मशीनं आतून जवळपास एकच आहेत. झेनोआ या जपानी कंपनीच्या जुन्या रचनेची ती नक्कल. त्याचा फायदा असा की एकाचा कार्बोरेटर दुसऱ्याला बसतो आणि भाग स्वस्तात मिळतात. आकड्यावर मात्र भाळू नकोस. 58 सीसी म्हणवणाऱ्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 45.2 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 34 मि.मी. धरलं तर हिशेब 54.6 सीसीवर थांबतो. उलट स्टिलचा एमएस 170 जेमतेम 30 सीसीचा, किंमत तिप्पट-चौपट, पण चेनला धार असली की मांडीएवढ्या फांद्या बिनतक्रार कापतो. ताकदीची उणीव क्वचितच असते, उणीव असते ती धारेची.

22 इंची बार हा तर निव्वळ दिखाऊपणा. एवढा बार लाकडात पुरता बुडवला की इंजिन दमतं आणि टोकापर्यंत तेल नीट पोचत नाही. 18 इंची बार लाव. या मशीनना सहसा 0.325 इंच पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप) आणि 0.058 इंच गेजची (खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) चेन असते. खालून बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या, म्हणजे ड्राइव्ह लिंक, 22 इंचीला 86, 20 इंचीला 76 आणि 18 इंचीला 72 लागतात. जुना बार दुकानात नेऊनच नवा घे, बसायच्या खाचा जुळल्या पाहिजेत. सोबत येणारी चेन सरावापुरती वापर. तिचं पोलाद नरम असतं, धार टिकत नाही आणि ती सारखी सैल पडते. ओरेगॉनची 21 नंबरची मालिका नेमकी याच मापाची आहे. अख्ख्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा फरक पडेल तो या एका खरेदीने.

खोकं आलं की पेट्रोल घालायच्या आधी पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बस. सायलेन्सरचे बोल्ट, कार्बोरेटरचे नट, हँडलचे स्क्रू, सगळे एकदा आवळ. सायलेन्सरचे बोल्ट तर काढून, पॅकिंग बघून परत घट्ट कर, कारण ते हमखास सुटतात. गरम होणाऱ्या जागी साधं थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) टिकत नाही, म्हणून दोन-तीन टाक्या चालवल्यावर पुन्हा आवळायचे. प्लगचा गॅप 0.6 मि.मी. ठेव. सोबतचा प्लग काढून चांगल्या कंपनीचा, त्याच उंचीचा घातलास तर निम्मा ‘सुरूच होत नाही’चा त्रास जातो.

आता खरं दुखणं, रबर. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक रबरी नळकांडं असतं. तिथून, किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून, हवा शिरली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी. मशीनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये कालवलेल्या तेलातूनच, त्यामुळे मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो, एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडे पडतात आणि तो सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. लोक म्हणतात, पिस्टन निकृष्ट होता. बहुतेक वेळा तो नुसता उपाशी मेलेला असतो. ओळखायचं असं: मशीन स्लोवर ठेवून उजवीकडे-डावीकडे कलंडव. कलंडवल्यावर रेस आपोआप चढत असेल, किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज लवकर खाली येत नसेल, तर हवा शिरतेय. ते शोधल्याशिवाय एक ओंडकाही कापू नकोस.

त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच सेटिंगवर मिश्रण आणखी पातळ पडतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात हवेतल्या पाण्याला तोटा नाही. स्वस्त मशीनची इंधननळी, प्रायमरचा (सुरू करण्याआधी दाबायचा) फुगा आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा यामुळे कडक होतात नाहीतर फुगतात. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल-तेलाचं मिश्रण कर. पावसाळ्यात ठेवायचं असेल तर टाकी रिकामी कर आणि आतलं उरलेलं जळून मशीन आपणहून बंद पडेपर्यंत स्लोवर चालव.

तेलाचं प्रमाण पहिल्या चार-पाच टाक्यांना 25ला 1, म्हणजे लिटरला 40 मि.ली. पुढे जेएएसओ एफडी (जपानी मानकातला दर्जा, बाटलीवर लिहिलेला असतो) दर्जाचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल वापरलंस तर 40ला 1, लिटरला 25 मि.ली. पुरे. 50ला 1चा हट्ट या मशीनवर धरू नकोस. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतायचं नाही. औषधाची सिरिंज घे. गाडीचं फोर-स्ट्रोक ऑइल यात चालत नाही.

कार्बोरेटरवर एल (कमी रेसच्या पेट्रोलचा), एच (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) आणि स्लोचा असे तीन स्क्रू. एल आणि एच हलक्या हाताने पूर्ण बंद कर, मग दोन्ही साधारण एक ते सव्वा आटा उघड. मशीन गरम झाल्यावर एल असा लाव की ॲक्सिलरेटर दाबताच ते न अडखळता उचलेल. स्लोवर चेन फिरत राहिली तर स्लोचा स्क्रू सैल कर. एच कानाने लावायचा: लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज जरासा फडफडता, खरखरीत यायला हवा, आणि बार लाकडात शिरताच तो साफ व्हायला हवा. बाहेरच कर्कश, गुळगुळीत आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे, एच लगेच थोडा उघड. दहा मिनिटं चालून मशीन बंद पडतंय आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर सुरू होतंय, असं झालं तर कार्बोरेटरला हात लावू नकोस. टाकीची हवेची वाट बुजलीय.

चेनचं तेल हे दुसरं दुखणं. तेलपंप फिरवणारं वर्म गिअर क्लच ड्रमच्या मागे असतं, आणि ते बहुधा प्लास्टिकचं. बारचं टोक पुठ्ठ्यावर धरून अर्ध्या रेसवर चालव. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठली पाहिजे. या मशीनची पेट्रोलची टाकी 550 आणि तेलाची 260 मि.ली.ची असते. पेट्रोल संपताना तेलही तळाला यायला हवं. निम्मं उरलं तर पंप कमी टाकतोय किंवा बारचं छिद्र भुशाने भरलंय. गाडीतून काढलेलं काळं ऑइल वापरू नकोस, त्यातले धातूचे कण पंप खातात. क्लच काढायची वेळ आली तर आटे उलटे आहेत हे ध्यानात ठेव, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी आत सरकव. तिथे स्क्रूड्रायव्हर घातलास की पिस्टनला भोक.

धारेसाठी 4.8 मि.मी.ची गोल कानस, कोन 30 अंश, कानस फक्त आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. तीन-चारदा धार लावून झाली की दातापुढचा डेप्थ गेज (दात किती खोल चावेल ते ठरवणारा उंचवटा) दाताच्या धारेपेक्षा 0.65 मि.मी. खाली आहे ना ते पट्टी लावून बघ. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पीठ पडायला लागलं की थांब. काप तिरका जात असेल तर एका बाजूचे दात बोथट आहेत किंवा बारच्या कडा कमी-जास्त झिजल्यात. बार अधूनमधून उलटा करून लावायचा. साग आणि माड धार फार लवकर खातात, सागात सिलिकाच असते. माडाचे तंतू तर स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) गुंडाळतात, तिकडे बाजूचं कव्हर पुन्हापुन्हा उघडावं लागेल.

चेन ब्रेक रोज बघायचा: पूर्ण रेसवर मनगटाने पुढची दांडी ढकल, चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी काम बंद. तेल-पेट्रोल भरून हे धूड सातेक किलोचं होतं, ते घेऊन शिडीवर चढायचं नाही. लुंगी आणि चप्पल घालून तर नाहीच, हे तुझ्या गड्यालाही सांग. 3 जून 2020च्या निसर्ग वादळासारख्या वाऱ्यात आडवी झालेली झाडं उभ्या झाडांहून धोकादायक असतात. खोड कमानीसारखं ताणलेलं असतं, म्हणून आधी दबलेल्या बाजूने थोडा काप आणि मग ताणलेल्या बाजूने. बाकी, आंबा-फणस-साग तोडण्याआधी वनखात्याची परवानगी लागते, ते तुला वेगळं सांगायला नको.

काजूची छाटणीच करायची असेल तर पेट्रोलचं मशीन हवंच कशाला? बॅटरीवरचा 6 इंची छोटा चेनसॉ मनगटाएवढ्या फांद्यांना पुरतो. त्यावरच्या ‘288’सारख्या आकड्यांकडे बघू नकोस, आत पाच सेल असतात, पूर्ण चार्ज झाल्यावर 21 व्होल्ट. तेल अनेकदा हाताने सोडावं लागतं. घराजवळच्या लाकडांना 2000 वॉटचा विजेचा चालतो, पण तो पावणेनऊ अँपिअर ओढतो; 30 मीटर वायर टाकायची तर 2.5 चौरस मि.मी.ची टाक.

पेट्रोलचाच ठरला तर परत करायची मुदत संपायच्या आत दोन टाक्या चालवून बघ. आणि बारच्या मुळाशी कोरलेले आकडे वाचून, चेनच्या खालच्या कड्या मोजून मला कळव, म्हणजे चेन आणि कानस इथूनच पाठवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद