'१२० तासां'च्या जाहिराती आणि इंग्रजी शिकवण्याची नोकरी

संपादक महोदय,

शहरांत इंग्रजी शिकवण्याच्या एकेका जागेसाठी झुंबड उडते, तसा '१२० तासांचा ऑनलाइन कोर्स, नोकरीची हमी' असल्या जाहिरातींनाही ऊत आला आहे. पैसे भरण्याआधी एवढेच विचारावे: यातले किती तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे आणि ते बघायला परीक्षक वर्गात बसणार का? केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या प्रमाणपत्र कोर्समध्ये असे ६ तास असतात, ट्रिनिटीच्या तशाच सर्टटेसॉलमध्येही ६. चांगल्या भाषासंस्था मोल करतात ते या सहा तासांचे. घरबसल्या बहुपर्यायी प्रश्न सोडवून मिळालेल्या कागदावरही '१२०' छापता येते.

अर्जात 'इंग्रजीवर प्रभुत्व' लिहून उपयोग नाही, ते सगळेच लिहितात. कोणत्या पातळीला (ए-वन म्हणजे अगदी नवशिके, ते सी-टू म्हणजे प्रभुत्व असलेले), कोणत्या वयाला, किती जणांच्या वर्गाला शिकवले हे पहिल्या पाच ओळींत यावे. संध्याकाळ आणि शनिवार-रविवार मोकळे असतील तर तेही ठळक लिहावे. नवख्याला पहिले काम बहुधा गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली म्हणूनच मिळते, आणि ते ऐनवेळी निघते.

खरी गळती होते डेमोत, म्हणजे निवडीसाठी घ्यायला लावलेल्या नमुना तासात. पंधरा-वीस मिनिटे मिळतात, त्यातली निम्मी उमेदवार फळ्यावर प्रेझेंट परफेक्टचे नियम लिहिण्यात घालवतो. मग 'समजलं?' विचारतो आणि वर्ग मान डोलावतो. त्याऐवजी 'आय हॅव लॉस्ट माय कीज' हे वाक्य देऊन विचारावे: किल्ल्या आता बोलणाऱ्याजवळ आहेत का? कधी हरवल्या, हे वाक्यात सांगितलंय का? दोन्हींना 'नाही' आले की अर्थ पोचला. दुसरी हमखास चूक म्हणजे आधी कागद वाटून मग सूचना देणे. हातात कागद पडला की सगळे त्यातच डोके घालतात, सूचना हवेत विरते. सूचना आधी, तीही एका उदाहरणासह.

नोकरी मिळाली की तासाचा दर ऐकून लगेच हुरळू नये. परदेशी जाणाऱ्यांच्या आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेच्या लेखन भागात दोन उत्तरे असतात, किमान १५० आणि २५० शब्दांची. पंधरा जणांची बॅच म्हणजे एका सरावाला ३० उत्तरे. एकाला दहा मिनिटे धरली तरी तपासणीचे ५ तास झाले, आणि ते दरात धरलेले नसतात. बॅच रद्द झाली तर काय, एकाच दिवशी दोन शाखांत तास असतील तर मधल्या प्रवासाचे काय, हे सही करण्याआधी लेखी घ्यावे. विचारल्यावर कपाळाला आठ्या घालणारी संस्था पुढे पगारालाही उशीरच करते, असा आमचा अनुभव आहे.

संस्थांना एक विनंती: 'आकर्षक मानधन' छापण्यापेक्षा जाहिरातीत तासाचा दर आणि आठवड्याचे हमीचे तास द्यावेत. निम्मे अर्ज आपोआप कमी होतील, तुमचाही वेळ वाचेल.

– इंग्रजीचे काही प्रशिक्षक