६० फ्रेमचं आश्वासन एकाच कन्सोलपुरतं का? परफॉर्मन्स मोडबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: एक्सबॉक्स सिरीज एक्सवर आपल्या गेमचा परफॉर्मन्स मोड जाहीर केल्याप्रमाणे न चालणे आणि त्याबाबत मिळालेली असमाधानकारक उत्तरे

महोदय / महोदया,

आपला नवा गेम मी एक्सबॉक्स सिरीज एक्ससाठी पूर्ण किंमत देऊन घेतला. स्टोअरच्या पानावर लिहिलं होतं, 'परफॉर्मन्स मोड: ६० फ्रेम प्रति सेकंद', म्हणजे हालचाल गुळगुळीत राहावी म्हणून सेकंदाला ६० चित्रं. प्लेस्टेशन ५च्या पानावरही अक्षरशः हेच वाक्य आहे. माझ्या धाकट्या भावाने तोच गेम प्लेस्टेशन ५वर घेतला आणि त्याच्याकडे ते वाक्य जवळजवळ पूर्ण खरं ठरतं. माझ्याकडे नाही. गेममधल्या बाजारात गर्दी झाली, पाऊस सुरू झाला किंवा चार-पाच शत्रू एकदम अंगावर आले की गेम अडखळायला लागतो, आणि तो प्रसंग संपेपर्यंत अडखळतच राहतो.

दोन कन्सोलवर गेम तंतोतंत सारखा चालावा अशी माझी मागणी नाही. भावाचा गेम माझ्याआधी लोड होतो. प्लेस्टेशन ५ची एसएसडी, म्हणजे गेम साठवणारी ड्राइव्ह, सेकंदाला ५.५ जीबी वाचते, माझी २.४ जीबी. मग तो थोडा आधी खेळायला लागला तर त्यात आपला काय दोष? त्याबद्दल या पत्रात अवाक्षर नाही. एकच आश्वासन दोघांना देऊन ते एकाच्याच बाबतीत पाळलं गेलं आणि विचारायला गेल्यावर बोट कन्सोलकडे दाखवलं गेलं, याबद्दल ही तक्रार आहे.

आपल्या ग्राहक सेवेचं पहिलं उत्तर असं होतं: गेम काढून पुन्हा इन्स्टॉल करा, कन्सोल बंद करून चालू करा, इंटरनेटचा वेग तपासा. हा गेम एकट्याने, ऑफलाइन खेळायचा आहे. नेटवर्कची वायर काढून ठेवली तरी तो तिथेच आणि तेवढाच अडखळतो. बाकीचं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, फरक पडला नाही. त्यानंतर दुसरं उत्तर आलं: 'कामगिरी कन्सोलनुसार वेगवेगळी असू शकते.' हे वाक्य चुकीचं नाही, पण उत्तर म्हणून त्याला काही अर्थ नाही. कशामुळे वेगळी, किती वेगळी, आणि ती वेगळी आहे हे विक्रीच्या पानावर का नाही, यातलं काहीच त्यात नव्हतं.

म्हणून मी आणि भावाने दोन्ही कन्सोल शेजारी ठेवून पाहायचं ठरवलं. टीव्ही एकच, त्याचं एचडीएमआय पोर्ट एकच, केबलही तीच. दोन्हींचं आउटपुट ६० हर्ट्झवर, म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा (रिफ्रेश) होईल असं, ठेवलं आणि व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमनुसार टीव्हीचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय, दोन्हीकडे बंद केली. गेमची आवृत्ती दोन्हीकडे ताजी होती. एका कन्सोलचं सेव्ह दुसऱ्यावर नेता येत नाही, त्यामुळे दोघांनीही त्याच प्रकरणातल्या त्याच जागेपर्यंत गेम नेला. मग मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने, सेकंदाला २४० चित्रं या वेगाने, टीव्हीचा पडदा टिपला. यात काही किमया नाही. गेम खरंच ६० फ्रेमने चालत असेल, तर पडद्यावरची प्रत्येक फ्रेम मोबाइलच्या व्हिडिओत ४ चित्रं टिकते. एखादी फ्रेम ८ चित्रं टिकली, तर मधली एक फ्रेम वेळेत तयार झाली नाही असा सरळ अर्थ होतो. प्लेस्टेशनच्या व्हिडिओत अशी जागा शोधावी लागते. माझ्या व्हिडिओत, विशेषतः बाजारातून पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ती शोधावी लागत नाही.

'थोडा फ्रेम रेट घसरला तर एवढं काय' असं वाटू नये म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखादीला १८ लागले, तर ती फक्त सव्वा मिलिसेकंद उशिरा दिसते असं होत नाही. तिला पडद्याच्या पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबावं लागतं आणि आधीची फ्रेम तोवर ३३.३ मिलिसेकंद तशीच पडद्यावर राहते. खेळणाऱ्याला जाणवतो तो हा झटका. सरासरी काढली तर आकडा पन्नासच्या वर दिसेल आणि कागदावर सगळं ठीक वाटेल, पण सरासरी कोणी खेळत नाही. त्यात आपला गेम नेमक्या वेळी ढाल वर करण्यावर उभा आहे. शत्रूचा हात खाली येताना बटण दाबायचं, आणि नेमकी तेव्हाच फ्रेम अडकते. शत्रू जिथे जास्त तिथेच घसरण जास्त, म्हणजे जिथे अचूकता सर्वांत गरजेची तिथेच ती मिळत नाही. भाऊ ज्या लढाया सहज पार करतो, त्यातल्या काही मी क्वालिटी मोडवर, म्हणजे स्वच्छ चित्राला प्राधान्य देणाऱ्या मोडवर, जाऊन खेळते. तिथे ३० फ्रेमच आहेत, पण त्या एकसारख्या येतात आणि हाताला अंदाज बसतो. ज्या मोडसाठी हा गेम घेतला, तोच मोड बंद करून लढाया खेळाव्या लागतात, यापेक्षा वेगळा पुरावा काय देऊ?

आता कन्सोलच्या ताकदीबद्दल, कारण आपल्या दुसऱ्या उत्तराचा रोख तिकडे आहे. सिरीज एक्सची ग्राफिक्स चिप १२.१५ टेराफ्लॉप्सची (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी), प्लेस्टेशन ५ची १०.२८ची. सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरीपैकी १० जीबी सेकंदाला ५६० जीबी वेगाने चालते, उरलेली ३३६ने. प्लेस्टेशनमध्ये सगळीच १६ जीबी ४४८ने. प्रोसेसर दोन्हीकडे एएमडी कंपनीच्या झेन २ घराण्यातला, आठ कोअरचा, आणि त्याचा वेग माझ्याकडे किंचित जास्तच. टेराफ्लॉप्सवरून गेमचा निकाल लागत नाही, हे मलाही मान्य आहे. प्लेस्टेशनच्या ग्राफिक्स चिपमध्ये आकडेमोड करणारी ३६ युनिट असली तरी ती २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात, माझ्याकडे ५२ असून ती १.८२५वर चालतात, आणि काही कामांना संख्येपेक्षा वेग जास्त मानवतो. त्यामुळे दोन्हींत थोडं उणं-अधिक होणारच. पण 'आपल्या कन्सोलच्या मर्यादेमुळे' असं उत्तर द्यायचं असेल, तर ती मर्यादा नेमकी कोणती, तेही लिहावं लागेल. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं, असंच कोणीही म्हणेल. (सिरीज एस, म्हणजे धाकटा एक्सबॉक्स, असता तर गोष्ट वेगळी होती. ४ टेराफ्लॉप्स आणि १० जीबी मेमरीच्या कन्सोलकडून हे मागायला मी आले नसते.)

पूर्वी अशा फरकाला निदान सांगण्याजोगं कारण असायचं. प्लेस्टेशन ३चा सेल प्रोसेसर सगळ्यांपेक्षा वेगळा होता, मेमरी २५६-२५६ एमबी अशी दोन कप्प्यांत वाटलेली होती, तर एक्सबॉक्स ३६०मध्ये ५१२ एमबी एकत्र होती. 'बायोनेटा' हा गेम मूळ ३६०साठी बनला, त्याचं प्लेस्टेशन ३चं रूपांतर दुसऱ्यांकडून झालं, आणि ते किती मंद चालायचं हे तेव्हा खेळलेल्यांना आजही आठवत असेल. ते चांगलं नव्हतं, पण कळण्यासारखं होतं. आता दोन्ही कन्सोलचा प्रोसेसर एकाच घराण्यातला आणि दोन्हींची ग्राफिक्स चिप एकाच कंपनीची. नोव्हेंबर २०२०मध्ये दोन्ही काही दिवसांच्या अंतराने बाजारात आले. इतक्या वर्षांनी 'नवीन मशीन आहे, हात बसायचाय' हेही चालणार नाही.

माझा अंदाज असा आहे, आणि आपल्या तांत्रिक विभागाने तो खोडून काढला तरी चालेल, पण उत्तर द्यावं. गेममध्ये रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं बनतं ते, गरजेप्रमाणे वरखाली होतं. बाजारातल्या त्याच कोपऱ्यात भावाच्या पडद्यावर लांबच्या पाट्या आणि दोऱ्या थोड्या धूसर होतात, पण हालचाल गुळगुळीत राहते. माझ्याकडे पाट्या काचेसारख्या स्वच्छ आणि गेम अडखळलेला. म्हणजे सिरीज एक्सवर रिझोल्यूशन किती खाली जाऊ द्यायचं याची किमान पातळी जास्तच वर बांधून ठेवली असावी, 'मशीन ताकदवान आहे, झेपेल' या समजुतीने. पाटीवरची अक्षरं लढाई चालू असताना कोण वाचतं? असं आधी घडलेलं आहे. २०२०च्या शेवटी 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' सिरीज एक्सवर प्लेस्टेशन ५पेक्षा वाईट चालत होता, चित्र मधोमध फाटायचं. नंतरच्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने, तिथे सुधारणा झाली. कन्सोल तोच राहिला, बदलला फक्त गेम.

आपल्या तिसऱ्या ईमेलमध्ये व्हीआरआर चालू करा असा सल्ला होता. केलं. थोडं बरं वाटतं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण सगळ्यांच्या टीव्हीत ही सोय नसते, विक्रीच्या पानावर ती आवश्यक असल्याचं कुठे लिहिलेलं नाही, आणि फ्रेमचा वेळ एकदम दुप्पट झाला की व्हीआरआरलाही तो धक्का लपवता येत नाही. आणखी एक, भावाला ६० फ्रेमसाठी ही सोय लागत नाही.

गेम येण्याआधी मी जे पाहिलं त्याबद्दलही लिहिणं भाग आहे. आपल्या ट्रेलरच्या तळाशी बारीक अक्षरांत 'प्लेस्टेशन ५वर चित्रित' असं येतं. एक्सबॉक्सच्या स्टोअरवरही तोच ट्रेलर, त्याच ओळीसकट लावलेला आहे. प्रकाशनाच्या दिवसापर्यंत जी परीक्षणं माझ्या पाहण्यात आली, त्यातलं एकही सिरीज एक्सवर खेळून लिहिलेलं नव्हतं. डिसेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७'च्या वेळी परीक्षकांना आधी पीसीच्या प्रती मिळाल्या आणि जुन्या कन्सोलवरची अवस्था लोकांना पैसे भरल्यावर कळली. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो गेम स्वतःच्या स्टोअरवरून काढला, तो जून २०२१मध्ये परत आला. आपला गेम त्या अवस्थेला नाही, तसा आरोपही मी करत नाही. फक्त पद्धत ओळखीची वाटली. याच्या उलट उदाहरणही आहे. 'बाल्डर्स गेट ३' सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीनशिवाय, म्हणजे एकाच पडद्याचे भाग करून दोघांनी खेळण्याच्या सोयीशिवाय, येणार, हे ऑगस्ट २०२३मध्येच जाहीर झालं आणि एक्सबॉक्सवर गेम त्यानंतर डिसेंबरमध्ये आला. ज्यांना स्प्लिट-स्क्रीन हवं होतं त्यांना घ्यायच्या आधी कळलं. नाराजी झाली असेल, फसवणूक झाली नाही.

तेव्हा मला हवं आहे ते असं. पहिलं म्हणजे सिरीज एक्सवर परफॉर्मन्स मोडमध्ये रिझोल्यूशन अजून खाली येऊ द्या. ज्यांना स्वच्छ चित्र हवं त्यांच्यासाठी क्वालिटी मोड आहेच. ते शक्य नसेल, तर १२० हर्ट्झच्या टीव्हीसाठी ४० फ्रेमचा पर्याय द्या. त्यात प्रत्येक फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, १६.७ आणि ३३.३च्या बरोबर मध्ये, आणि हालचाल एकसारखी राहते. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'ला २०२१मध्ये हा पर्याय पॅचमधूनच मिळाला होता, त्यामुळे गेम बाजारात आल्यावर तो देता येत नाही असं नाही. मात्र हा पर्याय ६० फ्रेमच्या आश्वासनाची जागा घेऊ शकत नाही, हे नोंदवून ठेवते.

पॅच येईपर्यंत विक्रीच्या पानावरचं वाक्य बदला. प्रत्येक कन्सोलसमोर त्याचा त्याचा आकडा लिहा, आणि गर्दीच्या ठिकाणी ६० टिकत नसतील तर तसंच लिहा. एक्सबॉक्सच्या पानावर एक्सबॉक्सवर चित्रित केलेला ट्रेलर लावा. यासाठी प्रोग्रामरही लागत नाही, फक्त इच्छा लागते.

या पत्राचं उत्तर ३० दिवसांत, तांत्रिक विभागाकडून आणि लेखी मिळावं. त्यात पॅच येणार की नाही आणि येणार असेल तर साधारण कधी, हे स्पष्ट असावं. 'पाहतो आहोत', 'पुढे कळवले आहे', 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' ही वाक्यं माझ्याकडे आधीच जमा आहेत. पॅच येणार नसेल, तर गेमची पूर्ण रक्कम परत करावी. बरेच तास खेळले म्हणून परतावा नाकारला जाऊ नये. त्यातला मोठा भाग गेम नेमका कुठे अडखळतो हे आपल्याला सांगण्यासाठी खर्च झाला आहे.

सोबत दोन्ही कन्सोलवर त्याच जागी टिपलेले व्हिडिओ, आपल्या ग्राहक सेवेची तिन्ही उत्तरं आणि खरेदीची पावती जोडली आहे. व्हिडिओंना कात्री लावलेली नाही, वेगही बदललेला नाही. तांत्रिक विभागाला माझी सेव्ह फाइल हवी असल्यास कुठे पाठवायची ते कळवावं.

आपली,
एक ग्राहक