अटॅचमेंट उघडत नसेल तर आधी पाठवणाऱ्याला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ई-मेलसोबत आलेली फाइल उघडत नाही, ही तक्रार आता इतकी नित्याची झाली आहे की तिच्यावरचे उत्तरही ठरून गेले आहे : संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, ब्राउझर बदलून पाहा, नाहीतर एखादे नवे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. बिघाड फाइल घेणाऱ्याच्याच संगणकात आहे, असे या सल्ल्यात गृहीत धरलेले असते. मला हे गृहीतक मान्य नाही. अशा तक्रारी नीट तपासल्या तर बऱ्याचदा असे आढळते की फाइल ज्या रूपात पाठवली गेली त्या रूपातच अडचण होती आणि ती पाठवणाऱ्यालाच सहज दूर करता आली असती. फाइल न उघडण्याचे ओझे ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि नोकरीसाठी अर्ज करणारे उमेदवार विनाकारण स्वतःकडे घेतात, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

ई-मेलची मूळ व्यवस्था फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी आखलेली होती. १९८२ साली ठरलेल्या तिच्या नियमांत चित्रे, ध्वनी किंवा देवनागरी अक्षरे यांना जागा नव्हती. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली मेलला इतर प्रकारच्या फाइली जोडण्याची ‘माइम’ ही पद्धत मांडली आणि आजही प्रत्येक अटॅचमेंट तिच्याच आधाराने प्रवास करते. या पद्धतीत फाइलच्या दर तीन बाइटचे रूपांतर साध्या चार अक्षरांत केले जाते, त्यामुळे वाटेत तिचा आकार एक तृतीयांशाहून थोडा अधिकच वाढतो. मर्यादेच्या आत वाटणारी फाइल कधी कधी ‘आकार जास्त आहे’ म्हणून परत येते, त्याचे कारण हेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, फाइलसोबत तिचे नाव आणि प्रकार सांगणारी नोंद जाते, जशी पार्सलवर आत काय आहे याची चिठ्ठी असते. ही नोंद चुकली किंवा मोघम राहिली, तर फाइल पूर्णपणे शाबूत असूनही ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची हे संगणकाला कळत नाही.

म्हणून पहिली तपासणी फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या, तिचा प्रकार सांगणाऱ्या अक्षरांची, म्हणजे एक्स्टेन्शनची करावी. विंडोजमध्ये परिचित एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवलेली असतात. ती दिसतील अशी सेटिंग प्रत्येकाने करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या व्हायरसने याच लपवाछपवीचा फायदा घेतला होता : नावावरून साधे पत्र वाटणारी ती फाइल प्रत्यक्षात उघडताच चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आज्ञा देणारा छोटा प्रोग्रॅम होती. एक्स्टेन्शनच नसेल आणि मेल ओळखीच्या व्यक्तीने, अपेक्षेप्रमाणे पाठवलेला असेल, तर फाइल संगणकावर उतरवून नोटपॅडमध्ये उघडावी आणि फक्त पहिली ओळ पाहावी. पीडीएफ फाइलची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि रोमन लिपीतील ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते. वर्ड किंवा एक्सेलच्या आजच्या फाइली आणि झिप फाइली ‘पी’ व ‘के’ या रोमन अक्षरांनी सुरू होतात. सुरुवातीला ‘एचटीएमएल’ दिसले, तर पीडीएफच्या नावाखाली एखादे वेबपान, बहुधा लॉगिनचे, चुकून जतन होऊन आले आहे असे समजावे, आणि अशा वेळी घेणाऱ्याने कितीही खटपट केली तरी मूळ दस्तऐवज हाती येणार नाही. नोटपॅड बंद करताना मात्र फाइल सेव्ह करू नये, कारण त्याने चांगली फाइलही बिघडू शकते.

‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल हा तर स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅममधून ‘रिच टेक्स्ट’ स्वरूपात मेल पाठवला की त्याची सजावट आणि जोडलेल्या फाइली कधी कधी त्या कंपनीच्या खास वेष्टनात बांधल्या जातात. हे वेष्टन इतर अनेक मेल प्रोग्रॅमना सोडता येत नाही, म्हणून घेणाऱ्याला मूळ फाइलऐवजी हे अनोळखी नाव दिसते. मूळ फाइल आत गुंडाळलेली असल्यामुळे नाव बदलून काही साधत नाही. पाठवणाऱ्याने मेलचे स्वरूप ‘एचटीएमएल’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ करून तोच मेल पुन्हा पाठवला की प्रश्न मिटतो.

फाइल अर्धवट उतरली असण्याची शक्यताही ध्यानात घ्यावी. मेलमध्ये दाखवलेला आकार आणि उतरलेल्या फाइलचा आकार यांत मोठा फरक असेल किंवा उतरलेल्या फाइलचा आकार शून्य दिसत असेल, तर चांगले नेटवर्क असताना ती पुन्हा उतरवावी.

मराठी मजकुराची अडचण याहून निराळी आणि अधिक चिवट आहे. फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गुंता दिसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असतात. त्यामुळे तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मजकूर वाचताच येत नाही. वास्तविक १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले होते, आणि तरीही आज जुन्या फॉन्टमधील वर्ड फाइली जशाच्या तशा मेलने धाडल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. जुना फॉन्ट वापरणे अपरिहार्यच असेल, तर फॉन्ट आत समाविष्ट करून पीडीएफ करावी. ती सगळीकडे सारखी दिसेल. तिच्यातला मजकूर शोधता किंवा उचलून दुसरीकडे वापरता मात्र येणार नाही, म्हणून खरा उपाय युनिकोडच आहे.

छायाचित्रांच्या बाबतीत, ॲपलच्या फोनवर २०१७ पासून ‘एचईआयसी’ हे स्वरूप आले. ते सर्व संगणकांवर उघडतेच असे नाही. नावापुढे ‘जेपीजी’ लिहिल्याने आतले स्वरूप बदलत नाही. ते रूपांतरच करावे लागते, किंवा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडावा लागतो. मेलसोबत येणारी ‘पी-सेव्हन-एस’ फाइल ही केवळ डिजिटल स्वाक्षरी असते. ती उघडली नाही म्हणून चिंता करण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी काळजी मला वाटते ती कंटाळून केल्या जाणाऱ्या उपायांची. फाइल उघडावी म्हणून अँटिव्हायरस बंद करणे, कोणतीही फाइल उघडून देण्याचे आश्वासन देणारे अनोळखी प्रोग्रॅम घेणे, ओळखपत्रे किंवा वैद्यकीय अहवाल कुठल्याही रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळावर चढवणे, हे सर्व मूळ अडचणीपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतील मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच दडलेले छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच रोखून धरायला सुरुवात केली, ती याच वाटेने होणारे हल्ले लक्षात घेऊन. ‘मजकूर दिसण्यासाठी मॅक्रो सुरू करा’ असे फाइलच सांगत असेल, तर ती तिथेच बंद करावी आणि पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करून घ्यावी.

सर्व कार्यालये, शिक्षणसंस्था आणि कंपन्यांना माझी विनंती आहे की बाहेर जाणारा दस्तऐवज केवळ वाचण्यासाठी असेल तर तो युनिकोड मजकुराच्या पीडीएफ रूपातच पाठवावा, त्याचे नाव लहान व एक्स्टेन्शनसह असावे, आणि अनेकांना पाठवण्यापूर्वी तो एकदा स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर पाठवून फोनवर उघडून पाहावा. पासवर्ड घातला असेल तर तो कसा मिळेल हे मेलमध्ये लिहावे, पण पासवर्ड त्याच मेलमध्ये देऊ नये. फाइलऐवजी क्लाउडची लिंक दिली असेल, तर ती पाहण्याची परवानगी घेणाऱ्याच्या खात्याला दिली आहे का, हे आधी तपासावे. आणि ‘फाइल उघडत नाही’ असा निरोप आला, तर ‘आमच्याकडे उघडते’ एवढेच न कळवता ती दुसऱ्या स्वरूपात लगेच पुन्हा पाठवावी, विशेषतः अर्जाची किंवा हरकतीची मुदत चालू असताना.

आपला,
एक नियमित वाचक