आकाशवाणीला नवी समिती नको, जुना कायदा पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारती महामंडळात सुधारणा करायची म्हटले की कुणीतरी समिती नेमायला सांगते. समित्यांचा तोटा इथे कधीच नव्हता. आणीबाणी उठल्यावर 1977 मध्ये बी. जी. वर्गीस यांची समिती बसली, 2014 मध्ये सॅम पित्रोदांचा अहवाल आला, मधल्या काळातही काही येऊन गेले. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर चौदा वर्षे नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे आमच्या बोलीत ‘कॅज्युअल’. महिन्याला फार तर सहा ड्युट्या. त्या खुर्चीतून जे दिसले तेवढेच लिहिते.

एका पावसाळ्यात मी सकाळच्या सभेला, म्हणजे सकाळच्या प्रसारणाला होते. ड्युटी रूममध्ये फोन वाजला. नदीकाठच्या गावातल्या एक बाई विचारत होत्या, “ताई, पुलावर पाणी आलंय का? पोरगी एसटीनं परीक्षेला निघालीय.” पाठोपाठ आणखी तीन फोन आले. त्यातला एक तर पुलाजवळच उभा होता, पाणी चढलंय म्हणून सांगत होता. मी ड्युटी ऑफिसरांना म्हटले, दोन गाण्यांच्या मध्ये सांगून टाकू का? ते म्हणाले, “तहसीलदारांचं लेखी आलंय का?” आले नव्हते. क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाच्या कागदावर, केळीच्या बागेची निगा होती, ती अगदी वेळेवर गेली. लेखी आले तोवर आमची सभा संपलेली होती.

साहेब वाईट नव्हते. डबा उघडला की पहिला घास आम्हाला. पण वेळेत न सांगितल्याबद्दल कुणाला मेमो मिळाल्याचे त्यांनी आख्ख्या नोकरीत पाहिले नव्हते. न विचारता सांगितल्याबद्दल मिळालेला मात्र पाहिला होता.

हा धाक दिल्लीहून खाली उतरतो आणि तो कुठल्या एका पक्षाचा नाही. सरकारी प्रचाराला साथ दिली नाही म्हणून 1976 मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. पुढे 2017 मध्ये त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांना, भाषणात बदल केल्याशिवाय तुमचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण लावणार नाही, असे कळवण्यात आले. राज्य काँग्रेसचे असो की भाजपचे, केंद्रावरचा माणूस वरच्या फोनची वाट बघतो.

यावरचा उपाय 1990 च्या प्रसारभारती कायद्यात लिहिलेला आहे. तो कायदा आधी सात वर्षे धूळ खात पडला, 1997 च्या सप्टेंबरात लागू झाला. त्याच्या कलम 13 नुसार संसदेच्या 22 सदस्यांची समिती हवी, म्हणजे महामंडळ मंत्रालयाला नव्हे तर संसदेला बांधील राहील. कलम 14 नुसार श्रोत्या-प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद हवी. दोन्ही कागदावरच राहिल्या. भरती मंडळाची तरतूदही त्याच कायद्यात आहे, ते स्थापन व्हायला 2020 उजाडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अध्यक्षपद रिकामे झाले आणि चार वर्षे रिकामेच राहिले. शिवाय ऑक्टोबर 2007 पर्यंत लागलेले कर्मचारी दुरुस्तीनंतर कायद्यानेच केंद्र सरकारचे नोकर ठरले. संस्था स्वायत्त, माणसे सरकारची आणि पैसा मंत्रालयाच्या हातून! आमच्या वडिलांच्या कपाटात पोस्टातल्या रेडिओ लायसन्सचे पुस्तक होते, दरवर्षी पैसे भरून त्यावर तिकीट लावून आणायचे. फी नकोच होती, ती गेली ते बरेच झाले. पण वडील त्या पुस्तकाच्या जोरावर केंद्राला खडसावून पत्र लिहायचे, आणि त्याला उत्तर यायचे.

तक्रार कुठे करायची याचा ठिकाणा नसला की काय होते, ते जून 2023 मध्ये पुण्यात दिसले. आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग पुण्यातून हलवण्याचा निर्णय झाला. सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या बातम्या ऐकत ज्यांच्या घरी चहाचे आधण चढले, ते श्रोते खवळले. निर्णय थांबला, पण त्यासाठी नेत्यांना मध्ये पडावे लागले. मंत्र्याच्या मर्जीने बंद होणारी गोष्ट मंत्र्याच्याच मर्जीने चालू राहिली. याला मी श्रोत्यांचा विजय म्हणायला तयार नाही.

म्हणून मागणी एवढीच. महाराष्ट्राचे लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 खासदार आहेत. त्यांच्यापैकी एकाने तरी सभागृहात उभे राहून विचारावे की कलम 13 ची समिती कोणत्या तारखेला बसणार. आणि ती बसेल तेव्हा तिने पहिल्याच बैठकीत कॅज्युअल मंडळींना बोलवावे. माइकसमोर रोज तीच असतात आणि बैठकीच्या खोलीत कधीच नसतात.

पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती. माझी भाची सध्या त्याच केंद्रावर कॅज्युअल आहे.

आपली,
एक माजी नैमित्तिक उद्घोषक