हँड्सफ्री म्हणजे सेफ नाही

संपादक महोदय,

गाडी चालवताना मोबाईलवर बोलणाऱ्यांना जबर दंड करा, अशी पत्रं मी नेहमी वाचतो आणि ते मला पटतं पण. पण या सगळ्यात एक गोष्ट राहूनच जाते म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात मी गाडी चालवत होतो, फोन होल्डरला, कानात ब्लूटूथ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ऑफिसमधल्या एका भांडणाबद्दल बोलणं चाललं होतं. पुढे सिग्नल लाल होता, माझी नजर समोरच होती आणि तरी मी तो लाल दिवा पाहिलाच नाही, सरळ गेलो. एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या, त्यांनी त्याला झटकन मागे ओढलं म्हणून ती दोघं वाचली. सिग्नल तोडला म्हणून मला दंड झाला असता, पण फोनबद्दल कोणी एक शब्द बोलू शकलं नसतं कारण फोन माझ्या हातात नव्हताच.

नंतर बरंच वाचलं. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली 40 जणांना सिम्युलेटरवर (म्हणजे पडद्यावरच्या नकली रस्त्यावर) गाडी चालवायला लावली, एकदा नुसती, एकदा फोनवर बोलत आणि एकदा दारू पाजून. फोनवर बोलणारे ब्रेक उशिरा मारत होते, त्यातले तिघं पुढच्या गाडीवर आदळले, दारू प्यायल्यावर मात्र कोणीच आदळलं नाही. आणि मुख्य म्हणजे फोन हातात धरला काय आणि हँड्सफ्री ठेवला काय, फरक पडला नाही. त्याच्या आधी 1997 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात खऱ्या अपघातांच्या वेळी फोन चालू होता का हे बिलांवरून तपासलं, तर फोनवर असताना अपघाताचा धोका साधारण चौपट निघाला, आणि तिथेही हँड्सफ्रीवाले जास्त सुरक्षित आहेत असं काही दिसलं नाही. डोळे उघडे असतात हो, पण डोकं पलीकडच्या माणसाकडे गेलेलं असतं.

मग शेजारी बसलेल्याशी बोलतो ते चालतं का, असं लोक लगेच विचारतात, मी पण विचारायचो. शेजारच्याला रस्ता दिसतो, पुढे गर्दी लागली की तो आपोआप गप्प होतो, कधी "अरे सांभाळ" म्हणतो. फोनवरच्याला यातलं काहीच कळत नाही, तो बोलतच राहतो आणि आपल्याला पण त्याला थांब म्हणायचा संकोच वाटतो.

आता कायदे बघा. ब्रिटनमध्ये हातात फोन धरायला 2003 पासून बंदी आहे, पण त्यातली शब्दरचना अशी की फोन संवादासाठी वापरला तरच गुन्हा, त्यामुळे गाडी चालवता चालवता अपघाताचं शूटिंग करणारा एक जण 2019 मध्ये हायकोर्टातून सुटला. मग 2022 मध्ये कायदा बदलून फोटो काढणं, गाणी बदलणं, गेम खेळणं सगळं बंद केलं, अगदी सिग्नलला थांबलेले असाल तरी. हे चांगलंच झालं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर 2019 पासून रस्त्यावर कॅमेरे लावले, ते वरून काचेतून फोटो काढतात, पहिले तीन महिने फक्त ताकीद दिली आणि मग दंड सुरू. तेही चांगलंच. पण हे सगळे शेवटी हातच बघतात! कॅमेऱ्याला लक्ष कुठे आहे ते दिसणार कसं.

आणि सरकारांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. अमेरिकेत कित्येक राज्यांत नवशिक्या चालकांना आणि स्कूल बसच्या चालकांना हँड्सफ्रीसकट फोन बंद आहे. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (अपघातांची चौकशी तेच करतात) डिसेंबर 2011 मध्ये सगळ्याच चालकांना अशी बंदी घाला म्हणून शिफारस केली होती. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाचं लक्ष उडतं आणि माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाचं उडत नाही, असं थोडंच आहे?

अंमलबजावणी करता येणार नाही, हे उत्तर मी ऐकलंय. मान्य, चालत्या गाडीत कोण ब्लूटूथवर आहे हे पोलिसाला बाहेरून कळणार नाही. पण अपघात झाल्यावर तर कळतं ना, कॉलची वेळ कंपनीकडे असते, ती तपासणं प्रत्येक गंभीर अपघातात सक्तीचं करा. नुसतं कायद्यात लिहिलं तरी खूप फरक पडेल असं मला वाटतं, कारण आज माझ्यासारखे लोक हँड्सफ्री घेतो ते कायदा पाळतोय याच समाधानात. आणि चालकाला वाटेत फोन करून "कुठे पोचलास" विचारणाऱ्या साहेबांना पण जबाबदार धरा, तो बिचारा नोकरीसाठी उचलतो.

आपल्याकडे एक विनंती आहे. अपघाताच्या बातमीत नेहमी "चालकाचा ताबा सुटला" एवढंच छापून येतं. तो का सुटला ते पण पोलिसांना विचारा, त्या मिनिटाला चालकाचा फोन चालू होता का, हँड्सफ्रीवर का असेना, आणि जे उत्तर मिळेल ते छापा.

आपला,
एक नियमित वाचक