खाले, तुमच्या त्या एका कार्डासाठी

खाले, म्हणजे मावशी, लेकाला बोलायला शिकवणाऱ्या तुम्हाला आम्ही हीच हाक मारतो. हे पत्र मराठीत लिहितेय कारण मनातलं सगळं मला फारसीत सांगताच येत नाही, नवरा तुम्हाला वाचून समजावेल. पुण्यात शिकायला आला होता तो, म्हणून तर मी इथे इराणात, शिराझला पोचले.

लेकाचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन, अडीच वर्षांचा असताना झालं. आम्हाला वाटलं मशीन लागलं की बोलेल. म, ब, प ओठांवर दिसतात ते आलेही पटापट, पण स, श काही केल्या येईनात. सीब म्हणजे सफरचंद, ते 'तीब'. आणि फारसीतला तो घशातला ख तर दिसतही नाही, त्यामुळे 'खाले'ला हा 'आले' म्हणायचा, नि मला दर वेळी वाटायचं दारात कोणीतरी आलंय.

तुमच्या आधी जिथे जायचो तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरात मराठी बंद. माझ्याकडे न बघता, फाईलमध्ये लिहिता लिहिता. आठ महिने मी माझ्याच पोराशी मोडक्यातोडक्या फारसीत बोलले, अंगाईसुद्धा म्हटली नाही. तो राग अजून गेलेला नाही माझा.

आणि तुम्ही काय विचारलंत, तर "हा तुमच्या आईला काय हाक मारतो?" मी म्हटलं, आजी. तुम्ही हसलात, कारण तुमच्याकडे बोलताना बहिणीला आजी म्हणतात. मग एक कोरं कार्ड घेतलंत, फोनमधला फोटो बघून माझ्या आईचा अंबाडा, चष्मा, मोठ्ठं कुंकू काढलंत, खाली फारसी अक्षरांत आजी लिहिलंत आणि ते ज च्या गठ्ठ्यात ठेवलंत, 'जूजे'च्या, म्हणजे कोंबडीच्या पिल्लाच्या शेजारी. दोन मिनिटांचं काम. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

नंतर स साठी त्याचा तळवा स्वतःच्या तोंडासमोर धरून तुम्ही किती वेळा स्स्स केलंत, हवा लागली की तो खुदकन हसायचा, ते सगळं आहेच. पण माझ्यासाठी ते कार्ड. शिकलेली माणसं खूप भेटतात हो, समोरच्या आईला माणूस समजणारी फार कमी.

परवा व्हिडिओ कॉलवर तो स्वतःहून "आजी" म्हणाला, ज अगदी स्पष्ट. आई तिकडे लसूण सोलत होती, पाकळी तशीच हातात धरून म्हणाली, परत म्हण रे. सात वेळा म्हणाला.

सीबचं अजून कधी कधी तीब होतं. होऊ दे. शनिवारी येतोच आहोत.